निनावी साक्षीदार : गाड्यांच्या बोलण्याचा आणि शिक्क्यांचा इतिहास



आजचा विषय फलकावर वाचून काही जणांनी आम्हाला विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने गाड्यांच्या बिनतारी संदेशांवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. गाडीचं बॉनेट उघडून आत काय आहे ते आम्हाला सांगता येणार नाही. पण ज्ञानमीमांसेत एक फार जुना प्रश्न आहे : अनोळखी माणसाचा शब्द कधी खरा धरावा? आम्ही तो वर्गात तीस-पस्तीस वर्षं शिकवला, आणि नेहमी पुस्तकातली उदाहरणं देऊन शिकवला. निवृत्तीनंतर लक्षात आलं, की याच प्रश्नावर गेली वीस-पंचवीस वर्षं इंजिनिअर मंडळी डोकं खपवत आहेत. त्यांना आमच्यासारखी पुढच्या तासापर्यंत सवडही नाही. उत्तर सेकंदाच्या दहाव्या भागात द्यावं लागतं.

आधी प्रसंग डोळ्यांसमोर आणू. बोरघाट, पावसाळा, दाट धुकं. तुमच्या पुढे ट्रक आहे आणि ट्रकच्या पुढे आणखी एक गाडी, जी तुम्हाला दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक दाबला. तुम्हाला ते कधी कळणार? ट्रकचे मागचे दिवे लागतील तेव्हा. तोवर उशीर झालेला असू शकतो. त्या पहिल्या गाडीने ब्रेक दाबताक्षणी रेडिओवरून आजूबाजूच्या सगळ्यांना ‘मी थांबतेय’ असं सांगितलं तर? रेडिओलहर ट्रकच्या मागेही पोचते, डोळा पोचत नाही.

एवढी साधी कल्पना. अमेरिकेत तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ऑक्टोबर १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कामांसाठी राखून ठेवला. पुढे संदेशाचा नमुना ठरला. प्रत्येक गाडीने सेकंदाला दहा वेळा सांगायचं : मी अमुक ठिकाणी आहे, माझा वेग इतका, तोंड या दिशेला, ब्रेक दाबलाय किंवा नाही. काही शे मीटरच्या टापूत जो ऐकेल त्याच्यासाठी. समोर कोण आहे हे बघायचं नाही, उत्तराची वाट बघायची नाही. दवंडीच म्हणा ना.

आता दवंडी म्हटली की खोटी दवंडी आलीच. जहाजांच्या बाबतीत हे घडून गेलं आहे. मोठी जहाजं स्वतःचं नाव आणि ठावठिकाणा रेडिओवर सतत सांगत असतात. त्या पद्धतीला एआयएस म्हणतात आणि तिच्यात संदेशावर कसलाही शिक्का नसतो. जून २०२१ मध्ये ब्रिटिश नौदलाची एचएमएस डिफेंडर ही युद्धनौका एआयएसच्या नकाशांवर क्रिमियातल्या सेवास्तोपोलच्या रशियन तळाच्या दिशेने जाताना दिसली. प्रत्यक्षात त्या वेळी ती ओडेसा बंदरात बांधलेली होती, आणि बंदरावरच्या वेबकॅमेऱ्यात जगाला दिसतही होती. कुणीतरी तिच्या नावाने खोटे संदेश घुसवले होते. त्या समुद्रात, त्या दोन देशांमध्ये, अशा खोट्या ठिपक्याचा अर्थ काय होऊ शकला असता याचा विचार करा. समुद्रावर निदान वेबकॅमेरा बघायला वेळ तरी असतो. घाटात ताशी ऐंशीच्या वेगाने खाली येणाऱ्या गाडीला तो नसतो. खोट्या दवंडीवर विश्वास ठेवून ती विनाकारण ब्रेक मारेल आणि मागचा तिच्यावर आदळेल.

म्हणून शिक्का हवा. इथे एक गैरसमज दूर करू. क्रिप्टोग्राफी म्हटलं की आपल्याला लपवाछपवी आठवते, हेरांचे सांकेतिक कागद आठवतात. गाड्यांच्या या संदेशात लपवायचं काहीच नाही. तो सगळ्यांनी ऐकावा यासाठीच आहे. हवी आहेत ती दोन आश्वासनं. एक, बोलणारा बोलायला अधिकृत आहे. दोन, त्याचे शब्द वाटेत कुणी बदललेले नाहीत. मराठी माणसाला हे वेगळं शिकवायला नको, आपल्या भाषेत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्दच आहे. जुने मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना आठवेल, पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे दुसरा, लहान शिक्का असतो. वरचा सांगतो, हे पत्र कुणाचं. खालचं मोर्तब सांगतं, मजकूर इथे संपला, यापुढे कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे.

डिजिटल सही ही दोन्ही कामं एकदम करते. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली तिची कल्पना मांडली. चाव्यांची जोडी असते, एक खाजगी आणि एक जाहीर. खाजगी चावीने सही करायची, जाहीर चावीने कुणीही ती तपासायची. तपासणाऱ्याला सही तपासता येते, करता मात्र येत नाही. लाखेच्या शिक्क्याला हे कधीच जमलं नव्हतं, कारण ज्याच्या हाती ठसा नीट निरखायला मिळाला तो कारागीर दुसरा ठसा कोरू शकत होता. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी अशी सही प्रत्यक्ष करण्याची रीत दिली. पण तिच्या संख्या अवाढव्य. आज पुरेशी मजबूत मानली जाणारी त्या जातीची सही ३८४ बाइट्सची होते, म्हणजे ‘मी थांबतेय’ या निरोपापेक्षा शिक्काच जड. गाड्यांना उपयोगी पडली ती नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी १९८५ मध्ये, एकमेकांना न सांगता, सुचवलेली लंबवर्तुळी वक्रांची रीत. तेवढ्याच मजबुतीची तिची सही ६४ बाइट्समध्ये मावते. वाहनांच्या संदेशांची सुरक्षा ठरवणाऱ्या आयट्रिपलई १६०९.२ या मानकात हीच आली.

(मागे बसलेले कुणीतरी विचारतायत, तपासायला वेळ किती लागतो?) चांगला प्रश्न. आजूबाजूला शंभर गाड्या असतील आणि प्रत्येक जण सेकंदाला दहा वेळा बोलत असेल, तर तुमच्या गाडीपुढे सेकंदाला हजार सह्या तपासायला येतात. त्यासाठी वेगळी चिप बसवतात, किंवा ज्या संदेशामुळे धोक्याचा इशारा द्यायची वेळ येते तेवढेच तपासतात. तो भाग इंजिनिअरांवर सोडू. आमची खरी अडचण पुढे आहे.

शिक्का उमटला की त्यासोबत नाव येतं. तुमची गाडी दिवसभर सेकंदाला दहा वेळा एकाच चावीने सही करत हिंडली, तर तिने दिवसभर आपला माग स्वतःच्या हाताने लिहून ठेवला असं होईल.

यावर लोक म्हणतात, नंबरप्लेट असतेच की! हो, असते. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये ती सक्तीची केली, ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून ती आली. आमच्या मते नंबरप्लेट ही समाजाने केलेली फार शहाणी तडजोड होती. ते एक टोपणनाव आहे. रस्त्यावरच्या माणसाला नंबर दिसतो, नाव दिसत नाही. नाव कचेरीतल्या वहीत असतं आणि अपघात झाला तर वही उघडता येते. पण ही तडजोड टिकली ती एका न बोललेल्या गृहीतावर : सगळ्या गाड्यांचे सगळे नंबर सगळ्या चौकांत टिपत बसायला कुणाला वेळ नाही. कॅमेऱ्यांनी ते गृहीत खिळखिळं केलंच आहे. रेडिओने ते पुरतं मोडलं असतं. कॅमेऱ्याला उजेड लागतो, गाडी समोर यावी लागते. बोलक्या गाड्यांसाठी चौकाचौकात खिडकीमागे एकेक स्वस्त रेडिओ ठेवला की झालं. कुणाची गाडी कुठल्या डॉक्टरकडे, कुठल्या वकिलाकडे, कुठल्या सभेला किती वेळ उभी होती याची वही आपोआप भरत जाईल, आणि ती वही सरकारचीच असेल असंही नाही.

लोझानच्या तंत्रविद्यापीठातले झां-पिएर उबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक नंबरप्लेटची कल्पना चर्चेला घेतली, ती गाडीच्या सुरक्षिततेबरोबर प्रवाशाच्या खाजगीपणाचाही प्रश्न मांडतच. पुढच्या वर्षी मॅक्सिम राया आणि उबो यांनी गाडीने बदलत्या, निनावी चाव्या वापराव्यात अशी मांडणी केली. मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. डेव्हिड चॉम यांनी १९८५ मध्येच लिहिलं होतं, की माणसाने प्रत्येक संस्थेशी वेगळ्या टोपणनावाने व्यवहार करावा आणि तरीही व्यवहार विश्वासाचा राहावा, हे गणिताने शक्य आहे. ओळख न सांगता खात्री देता येते, हा विचार आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना आधी सुचायला हवा होता. नाही सुचला. आम्ही ‘ओळख’ आणि ‘विश्वास’ एकाच गाठोड्यात बांधून बसलो होतो.

म्हणजे गाडीने टोपणनाव बदलत राहायचं. किती वेळा? दर पाच मिनिटांनी नवं, आणि वापरलेलं पुन्हा नाही, असा कडक नियम केला तर दिवसाला २८८ आणि वर्षाला एक लाखावर प्रमाणपत्रं एका गाडीला लागतात. ती साठवायची कुठे, पुरवायची कुणी? आणि नुसतं प्रमाणपत्र बदलून भागत नाही. संदेशातला तात्पुरता क्रमांक आणि रेडिओचा पत्ता हेही त्याच क्षणी बदलायला हवेत, नाहीतर टोपी बदलली आणि सदरा तोच राहिला असं होतं. शिवाय रिकाम्या रस्त्यावर एकट्या गाडीने नाव बदललं तर कोण फसणार? सेकंदाच्या दहाव्या भागापूर्वी इथे ‘क’ होता, आता त्याच वेगाने दोन मीटर पुढे ‘ख’ आहे. शेंबडं पोरही सांगेल. केंब्रिजच्या बेरेसफर्ड आणि स्टायानो यांनी २००३ मध्ये मांडलेली ‘मिसळण्याची जागा’ ही कल्पना इथे कामी येते. चौकात, गर्दीत, पुष्कळ गाड्या एकत्र असताना नाव बदलावं, म्हणजे कोण कुठे गेलं ते कळत नाही. जत्रेत हरवतात तसं.

अमेरिकेत शेवटी जी रचना आकाराला आली तिच्यात गाडीला दर आठवड्याला वीस प्रमाणपत्रं असतात. वीसही त्या आठवडाभर चालतात, त्यांतलं कधी हे, कधी ते वापरायचं. वर्षाला हजारभर. एक लाखाच्या मानाने आटोक्यातलं. पण याच ठिकाणी नवं दुखणं उभं राहतं. एका गाडीकडे एकाच वेळी वीस खरे शिक्के असतील आणि मालकाच्या मनात पाप असेल, तर ती एकटी गाडी वीस गाड्यांचं सोंग आणू शकते. रिकाम्या रस्त्यावर वाहतूककोंडी उभी करू शकते. एकाच माणसाने खोटी माणसं उभी करून बहुमत दाखवण्याच्या या हल्ल्याला जॉन डाउसर यांच्या २००२ च्या लेखात ‘सिबिल’ हल्ला असं नाव आलं. अनेक व्यक्तिमत्त्वं असलेल्या एका स्त्रीवरच्या, १९७३ साली निघालेल्या पुस्तकावरून. बघा कसा पेच आहे तो. शिक्के कमी दिले तर माग लागतो, जास्त दिले तर सोंगं वाढतात. खाजगीपणा आणि सचोटी एकाच पांघरुणाखाली झोपल्या आहेत. इकडे ओढलं की तिकडचे पाय उघडे.

व्हाइट, वाइमरस्कर्श, कुमार आणि हेन या चौघांनी २०१३ मध्ये मांडलेल्या योजनेने हा पेच पुरता सोडवला नाही, पण तो राहण्याजोगा केला. आम्हाला ती वाचताना राज्यघटना वाचल्यासारखं वाटलं. तिच्यात एकच कचेरी नाही. एक कचेरी गाडीला ओळखते, तिचा अर्ज घेते. दुसरी प्रमाणपत्रावर सही करते, पण ते कुठल्या गाडीचं हे तिला माहीत नसतं, कारण पहिली कचेरी पुष्कळ गाड्यांचे अर्ज पत्त्यांसारखे पिसून मगच पुढे पाठवते. आणि दुसरीने तयार केलेली प्रमाणपत्रं गाडीच्याच चावीने कुलूपबंद होऊन परत येतात, म्हणून पहिलीला ती वाचता येत नाहीत. पहिली माणूस जाणते, शिक्का जाणत नाही. दुसरी शिक्का जाणते, माणूस जाणत नाही. गाडीने हजारो चाव्या पाठवायच्या नाहीत. ती एकच बीज पाठवते आणि त्यातून गणिताने चाव्या उमलत जातात. टप्प्यांना त्यांनी सुरवंट, कोष आणि फुलपाखरू अशी नावं दिली आहेत. इंजिनिअरांमध्येही कवी असतात.

आणि एखादी गाडी वाईट निघाली तर? तिचे सगळे शिक्के रद्द करायचे, म्हणजे ते सगळे एकाच गाडीचे आहेत हे कुणाला तरी कळायला हवं. त्यासाठी आणखी दोन कचेऱ्या नेमल्या, प्रत्येकीकडे अर्धी गुपितं. दोन्ही अर्धं एकत्र आली तरच धागा जुळतो. तो जाहीर झाला की रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांना त्या गाडीचे तिथून पुढचे शिक्के ओळखता येतात. मागचे येत नाहीत. म्हणजे गाडीला आजपासून बहिष्कृत करता येतं, पण काल ती कुठे होती हे त्या यादीवरून काढता येत नाही. आम्हाला हा तपशील या साऱ्या इतिहासातला सगळ्यात सुसंस्कृत वाटतो. शिक्षा पुढे चालते, चौकशीची हाव मागे चालत नाही.

पण इथे भरवसा कुणाच्या चांगुलपणावर टाकलेला नाही, हेही नीट पाहा. तो टाकलाय या गोष्टीवर, की दोन कचेऱ्या संगनमत करणार नाहीत. ते गणित सिद्ध करू शकत नाही. उद्या त्या सगळ्या कचेऱ्या एकाच ठेकेदाराच्या एका इमारतीत, एका साहेबाखाली बसवल्या, तर सगळी समीकरणं बरोबर राहतील आणि भिंती मात्र नसतील. त्या भिंती कायद्याने आणि लोकांच्या लक्षाने उभ्या राहतात.

आता आमची एक आठवण सांगतो. आम्ही परीक्षेला पर्यवेक्षक होतो तेव्हा प्रश्नपत्रिकांची पाकिटं लाखेच्या शिक्क्याने बंद होऊन येत. दोन विद्यार्थ्यांना शिक्का शाबूत असल्याचं दाखवून त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मग पाकीट फोडायचं. एका वर्षी शिक्का अगदी निर्दोष, आणि आत तर्कशास्त्राच्या पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचा, शिवाय चुकीचा छापलेला प्रश्न. मुलं रडकुंडीला आली. आम्ही केंद्रप्रमुखांकडे गेलो, तर ते म्हणाले, “सर, सील तर बरोबर आहे ना?” त्यांच्या लेखी विषय संपला होता.

गाड्यांच्या शिक्क्याची मर्यादा नेमकी तीच आहे. सही सांगते की हे वाक्य अधिकृत तोंडातून निघालं आणि वाटेत बदललं नाही. वाक्य खरं आहे, असं ती सांगत नाही. नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानलं, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त कोण, तर ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे, जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, आणि ज्याला ती सांगता येते. वात्स्यायन आपल्या भाष्यात पुढे स्पष्ट करतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपणा नावावर आणि कुळावर अवलंबून नाही. निनावी साक्षीदाराला इतकी जुनी मान्यता आपल्याकडे आहे! पण ज्याचा सेन्सर बिघडलाय ती गाडी प्रामाणिकपणे खोटं बोलते. तिची इच्छा चांगली, शिक्का खरा, जाणणंच चुकलेलं. म्हणून या रचनेत गैरवर्तन शोधणारी वेगळी व्यवस्था लागते. गाड्या एकमेकींचं बोलणं ताडून पाहतात. दोन गाड्या एकाच जागी आहोत म्हणत असतील, तर एक चुकते आहे. कुठली, हे ठरवणं अजूनही या क्षेत्रातलं सगळ्यात कच्चं काम आहे, असं आमचं वाचनाअंती मत झालं आहे.

या सगळ्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. ऑगस्ट २०१२ पासून मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावात सुमारे २८०० गाड्यांवर मोठी चाचणी झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकी वाहतूक खात्याने नव्या हलक्या वाहनांना हे सक्तीचं करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. अंतिम नियम झालाच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ७५ पैकी ४५ मेगाहर्ट्झ वायफायसारख्या खुल्या वापराला दिले. उरलेले ३० वाहनांसाठी ठेवले, पण तेही मोबाइलच्या जातीच्या दुसऱ्या तंत्राला. वीस वर्षं पट्टा जवळपास रिकामाच राहिला, हा त्यांचा युक्तिवाद होता. वाहतूकवाले कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये हरले. युरोपात मात्र फोक्सवॅगनने आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये जुन्याच तंत्राचा रेडिओ बसवून गाडी बाजारात आणली. शिक्क्यांची रचना टिकली; दुसऱ्या रेडिओवरही तेच मानक, त्याच सह्या चालतात. कुलूप शाबूत राहिलं, जागेतला मोठा वाटा गेला. दरम्यान २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस वालासेक यांनी चालती जीप दूरवरून ताब्यात घेऊन दाखवली आणि कंपनीला चौदा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ते शिरले होते करमणुकीच्या यंत्रणेतून, मोबाइल जाळ्यावरून. आपण ज्या दारावर इतका वेळ बोललो त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

(शेवटचा प्रश्न : क्वांटम संगणक आले तर हे सगळं मोडेल का?) पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर या सह्या खोट्या करता येतील, हे पीटर शोर यांच्या १९९४ च्या कामापासून माहीत आहे. त्याला दाद न देणाऱ्या सह्यांची पहिली मानकं अमेरिकेच्या एनआयएसटीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली. त्यातल्या एमएल-डीएसए या सहीचा सर्वांत लहान प्रकार २४२० बाइट्सचा आहे. आज आपल्याकडे आहे ६४ ची. आणि गाड्यांच्या जुन्या रेडिओ मानकात एका पाकिटात मजकूर मावतो जास्तीत जास्त २३०४ बाइट्स. म्हणजे ‘मी थांबतेय’ लिहायच्या आधीच शिक्का पाकिटाच्या बाहेर येतो. आज कारखान्यातून निघणारी गाडी पंधरा-वीस वर्षं रस्त्यावर राहणार आहे, आणि तिच्यासाठी हे पाकीट कसं बसवायचं यावर सध्या काम चालू आहे.